शिआनच्या शिळेपुढे

चीनला जाण्याचा विचार आमच्या मनात कधीच आला नव्हता. पवित्र भूमीची यात्रा घडली होती, वेलंकणीला तीनदा जाऊन आलो होतो. याहून दूरचा प्रवास आता आपल्या नशिबी नाही असे समजून आम्ही उभयता वसईतल्या आमच्या वाडीत सुखाने दिवस काढीत होतो. परंतु आमचा मुलगा नोकरीनिमित्त शांघायला राहू लागला आणि २०१८ च्या ऑक्टोबरात त्याने आग्रहाने आम्हांला बोलावून घेतले. त्या महिनाभराच्या मुक्कामात चार दिवसांची सवड काढून तो आम्हांला शिआन या प्राचीन नगरीत घेऊन गेला. सोबत सूनबाई होत्या आणि नऊ वर्षांचा नातू होता.

शिआन म्हणजे इतिहासातले चांगआन. चांगआन या नावाचा अर्थ चिरंतन शांती. तांग राजघराण्याच्या काळात, म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या तीन शतकांत, हे साम्राज्याच्या राजधानीचे नगर होते. पश्चिमेकडे जाणारा रेशीम मार्ग येथूनच सुरू होई. त्या मार्गाने नुसते रेशीमच गेले-आले नाही, धर्मही आले. बौद्ध धर्म आला, इस्लाम आला, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, ख्रिस्ती धर्मही आला, तोही संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सुमारे नऊशे वर्षे आधी! आम्हांला शिआनची ओढ लागली ती या शेवटच्या गोष्टीमुळे.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही शहराच्या तटावर चढलो. चौदाव्या शतकात, मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या काळात बांधलेला हा तट आजही अखंड उभा आहे. उंची बारा मीटर, घेर पावणेचौदा किलोमीटरच्या आसपास, आणि रुंदी एवढी की वरून गाड्या सहज जाव्यात. वसईच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींत ज्यांचे बालपण गेले त्यांना असा धडधाकट तट पाहून थोडासा हेवा वाटणारच! तटावर भाड्याने सायकली मिळतात. मुलगा आणि नातू सायकलींवर बसून दिसेनासे झाले. आम्ही दक्षिण दरवाजाजवळ सावली धरून बसलो. दिवस फार आनंदात गेला.

त्या आनंदावर रात्री विरजण पडले. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. घरी असलो काय, परगावी असलो काय, आमची जपमाळ कधी चुकलेली नाही. हॉटेलच्या खोलीत आम्ही सर्वांना एकत्र बसविले आणि एक दशक नातवाने सांगावे असे सुचविले. तो गोंधळला. त्याला मराठी समजते, थोडेफार बोलताही येते, पण प्रार्थना त्याला फक्त इंग्रजीत येतात. “मला मराठीत येत नाही,” तो खाली मान घालून म्हणाला. त्यावर आमच्या तोंडून कठोर शब्द गेले. ज्या घराण्यात चार पिढ्या मराठीतून प्रार्थना चालली, त्या घराण्याच्या मुलाला प्रभूची प्रार्थनाही येऊ नये? आईवडिलांनी त्याला शिकविले तरी काय? सूनबाईंचे डोळे भरून आले. मुलगा काहीच बोलला नाही. जपमाळ पूर्ण झाली, पण ती आम्ही दोघांनीच म्हटली. झोपताना नातू रोजच्यासारखा आशीर्वाद घ्यायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मातीच्या सैन्याचे दर्शन घेतले. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना या मूर्तींचा शोध लागला, ही कथा आता सर्वश्रुत आहे. चीनचा पहिला सम्राट इ. स. पू. २१० मध्ये मरण पावला. त्याच्या समाधीच्या रक्षणासाठी पुरलेले हे सैनिक सुमारे आठ हजार असावेत असा अंदाज आहे. पुरुषभर उंचीच्या त्या मूर्ती रांगेने उभ्या आहेत आणि प्रत्येकीचा चेहरा निराळा वाटतो. एवढी तयारी करून गेलेल्या त्या सम्राटाचे राज्य मात्र त्याच्यामागे चार वर्षेही धड टिकले नाही. पुढच्या पिढीच्या हाती काय द्यायचे आणि कसे द्यायचे, हे साधणे सम्राटांनाही कठीण जाते, असे तेथे उभे असताना वाटून गेले. आदल्या रात्रीचा सल मनात होताच.

तेथून परतताना आम्ही ‘थोरला रानहंस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅगोड्यापाशी थांबलो. या वास्तूशी आपल्या महाराष्ट्राचे नाते आहे. शाळेच्या पुस्तकात आपण ज्या ह्युएन त्संगविषयी वाचले, तो येथलाच. धर्मग्रंथांच्या शोधात तो चांगआनहून निघाला, सारा भारत हिंडला, आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परत आला. त्या प्रवासात तो महाराष्ट्रातही आला होता. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने आपल्याविषयी लिहून ठेवले आहे! भारतातून नेलेल्या ग्रंथांच्या जतनासाठी त्याच्या प्रेरणेने ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली, आणि आज तो सात मजल्यांचा, ६४ मीटर उंचीचा आहे. परंतु ह्युएन त्संगाचे खरे काम पॅगोडा बांधण्याचे नव्हते. उरलेले आयुष्य त्याने संस्कृतातील ग्रंथ चिनी भाषेत आणण्यात वेचले. ग्रंथ नुसते आणून भागत नाही, ते लोकांच्या भाषेत उतरावे लागतात, हे तो जाणून होता. अपमान न विसरण्याचा आमचा मराठी स्वभाव त्याने अचूक हेरला होता, हे मात्र आम्हांला त्या दिवशी मनोमन कबूल करावे लागले. नातू आमच्यापासून चार पावले दूरच चालत होता.

शनिवारी सकाळी मोठी मशीद पाहिली. तिची स्थापना इ. स. ७४२ मध्ये झाली असे परंपरा सांगते. आज दिसणाऱ्या बहुतेक वास्तू मिंग काळातील आहेत. बाजाराच्या अरुंद गल्लीतून आत शिरल्यावर आपण मशिदीत आलो आहोत हे खरेच वाटत नाही. उतरती कौलारू छपरे, लाकडी कमानी, एकामागून एक अंगणे. घुमट कोठेच नाही. मनोऱ्याच्या जागी अष्टकोनी चिनी मंडप आहे. चीनमधील मंदिरांची तोंडे सहसा दक्षिणेला असतात. ही वास्तू मात्र पूर्व-पश्चिम मांडली आहे, कारण प्रार्थनेची दिशा मक्केची, म्हणजे येथून पश्चिमेची. अंगावरचा पोशाख चिनी, परंतु तोंड आपल्या श्रद्धेकडे वळलेले! प्रार्थनागृहात अन्यधर्मीयांना प्रवेश नाही. आम्ही दारातूनच आदराने मस्तक लवविले.

दुपारी आम्ही ज्यासाठी आलो होतो त्या ठिकाणी पोहोचलो. शहराच्या दक्षिण भागात जुन्या कन्फ्यूशियस मंदिराच्या आवारात शिलालेखांचे एक संग्रहालय आहे. त्याला ‘शिलांचे वन’ म्हणतात. त्याची सुरुवात १०८७ साली झाली. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ ८३७ साली ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून पूर्ण झाले. त्या साऱ्या शिळा येथे उभ्या आहेत. लिहिणाऱ्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून ग्रंथच दगडात कोरून ठेवायचा, ही कल्पना किती भव्य!

या वनातच एका दगडी कासवाच्या पाठीवर ती काळी शिळा उभी आहे. उंची पावणेतीन मीटरहून थोडी अधिक. माथ्यावर दोन दंतकथेतील प्राण्यांची गुंफण, तिच्याखाली नऊ मोठी चिनी अक्षरे, आणि त्या अक्षरांच्या वर, नीट पाहिले तरच दिसेल असा, एक क्रूस. तो ढगांमध्ये, उमललेल्या कमळावर उभा आहे. तो दिसताच आम्ही उभयतांनी नकळत कपाळाला हात नेला आणि क्रुसाची खूण केली.

शिळेवर सतराशेहून अधिक चिनी अक्षरांचा मजकूर आहे. इ. स. ६३५ मध्ये आलोपेन नावाचा धर्मगुरू पवित्र ग्रंथ घेऊन चांगआनला आला, सम्राट ताइत्सुंगने त्याच्या स्वागतास आपला मंत्री नगराच्या पश्चिमेस पाठविला, ६३८ मध्ये धर्मप्रसारास अनुमती दिली आणि एकवीस धर्मगुरूंसाठी मठ बांधविला, असा तो वृत्तांत आहे. शिळा उभारली गेली ७८१ मध्ये. तिच्यावरील मजकूर जिंगजिंग या धर्मगुरूने रचला. त्याचे ख्रिस्ती नाव आदाम. आपल्या धर्माला त्याने ‘प्रकाशाचा धर्म’ म्हटले. देव, निर्मिती, पाप, तारणाऱ्याचा जन्म हे सारे त्याने चिनी माणसाला परिचित असलेल्या बौद्ध आणि ताओ परंपरेच्या शब्दांत सांगितले. धर्मगुरूसाठी त्याने बौद्ध भिक्षूचाच शब्द वापरला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या मातीतले शब्द आणि ओवी घेऊन ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. तीच वाट या जिंगजिंगने आठशे वर्षे आधी चोखाळली होती.

शिळेवर दुसरीही एक लिपी आहे. तळाशी आणि कडांवर सिरियाक भाषेत नावे कोरली आहेत. सत्तरच्या आसपास धर्मगुरू आणि व्रतस्थ. सिरियाक ही प्रभू येशूच्या अरामी बोलीची सख्खी नातलग. सतराव्या शतकात शिआनच्या परिसरात ही शिळा जमिनीतून वर आली, तेव्हा ही लिपी कोणालाच वाचता येईना. गोव्यामार्गे चीनला गेलेले येशूसंघीय फादर आल्वारो सेमेदो यांनी ती शिळा पाहिली आणि पुढे भारतातून जाताना केरळात क्रांगनूर येथे तेथील ख्रिस्ती ग्रंथांच्या एका जाणकार फादरांना विचारले. ही तर संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांची उपासनेची भाषा, असे उत्तर मिळाले! चीनच्या शिळेचे कोडे मलबारात सुटले. हे ऐकून आमच्या मनात आणखी एक नाव जागे झाले. सहाव्या शतकात कॉस्मस या आलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की भारतात ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला एक बिशप आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. आलोपेनही त्याच पूर्वेकडील ख्रिस्तसभेचा. म्हणजे आमच्या वसईच्या खाडीच्या वरच्या अंगाला आणि या चांगआनला एके काळी एकाच ख्रिस्तसभेचा हात पोहोचला होता!

नावांमधील एका कुटुंबापाशी आमची नजर थबकली. ही शिळा उभारणारा याझदबोझिद हा या राजनगरीतला धर्माधिकारी. तो बल्ख नगरीच्या मिलिस या धर्मगुरूचा मुलगा, असे शिळाच सांगते. आणि त्याचा मुलगा आदाम हा उपयाजक म्हणून त्याच शिळेवर नोंदलेला आहे. आजोबा, मुलगा, नातू! आजोबा अफगाणिस्तानच्या भूमीत, नातू चीनच्या राजधानीत. तो नातू कोणत्या भाषेत प्रार्थना म्हणत असेल? मठात सिरियाकमध्ये म्हणत असेल, पण खेळगड्यांशी तर चिनीतच बोलत असणार. मिलिस आजोबा त्याला रागावले असतील काय?

ही शिळा उभी राहिल्यावर चौसष्ट वर्षांनी, ८४५ मध्ये, सम्राटाने परदेशी धर्मांवर हुकूम काढला. मुख्य रोख बौद्ध मठांवर होता, पण प्रकाशाच्या धर्माचे मठही त्यात रिकामे झाले आणि व्रतस्थांना संसारात परत धाडण्यात आले. पुढे चांगआनमधून या ख्रिस्तसभेची खूणही दिसेनाशी झाली. ती मठांच्या आणि राजकृपेच्या आधारावर उभी होती, सामान्य घरांत तिची मुळे पुरेशी गेली नव्हती, असे काही अभ्यासक सांगतात. उरली ती शिळा, दगडावर कोरलेली नावे. ती वाचायला आपल्या माणसांपैकी कोणी राहिले नाही.

आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो. आमचे बालपण आठवले. गावच्या देवळात मिस्सा लॅटिनमध्ये होई. आम्ही गुडघ्यांवर असू आणि एक अक्षर कळत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीतून मिस्सा सुरू झाली, तेव्हा देव आपल्या घरी आल्यासारखे वाटले होते. ज्या मराठीने आमच्यासाठी दार उघडले, तिचीच कडी करून आम्ही त्या लेकराच्या तोंडावर दार लावले होते. नातू शिळेच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून बोटाने हवेत तो क्रूस काढीत होता. “हा कमळात का आहे?” त्याने आमच्याकडे न पाहता विचारले. दोन दिवसांत त्याने आमच्याशी बोललेले ते पहिले वाक्य. आम्ही त्याला जवळ घेतले आणि सांगितले की जेथे गेला तेथल्या चिखलात तो उगवला म्हणून.

संग्रहालयात शिळांवर ओला कागद चिकटवून, त्यावर शाईची पुरचुंडी हलक्या हाताने आपटून ठसे काढण्याची जुनी पद्धत आहे. त्या शिळेच्या माथ्याच्या ठशाची एक प्रत आम्ही विकत घेतली.

रविवार हा त्या वर्षीचा मिशन रविवार होता, २१ ऑक्टोबर. सकाळी आम्ही शहरातील असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या कॅथीड्रलमध्ये मिस्सेला गेलो. हे चर्च १७१६ मधले. त्याच्या पुढच्या आठ वर्षांतच, १७२४ मध्ये, चीनच्या सम्राटाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि ती सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकली. बहुतेक चर्चेस हातची गेली, धर्मगुरू थोडे आणि तेही लपून राहणारे. तरीही येथील कॅथोलिक समाज संपला नाही. प्रपंचिकांनी, आयाबायांनी, घराघरांत पाठ केलेल्या प्रार्थनांनी तो धरून ठेवला. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा देशभरची प्रार्थनास्थळे बंद झाली, आणि पुन्हा तो उघड्यावर आला. नवशे वर्षांपूर्वीची राजमान्य ख्रिस्तसभा एका हुकुमाने गेली. ही बंदीतली ख्रिस्तसभा दोनदा उरली.

मिस्सेच्या आधी अर्धा तास बायका एका सुरात प्रार्थना म्हणत होत्या. त्या चढउतारात अशी काही लय होती की शब्द न कळताही ही जपमाळच आहे हे आम्हांला उमगले. आमच्या बाकावर एक आजीबाई होत्या. त्यांनी आम्ही कोठले असे खुणेने विचारले. आम्हांला काय बोलता येणार! तेव्हा नातू पुढे झाला. शाळेत शिकलेल्या चिनीत तो त्यांच्याशी बोलू लागला आणि आम्हांला मोडक्या मराठीत सांगू लागला. त्या लहान असताना चर्च बंद होते. घरात पुस्तकही ठेवता येत नसे. आजीने अंधारात, दिवा विझवून, कानात सांगून त्यांना साऱ्या प्रार्थना शिकविल्या. “रागावून?” आम्ही विचारले. नातवाने प्रश्न पोहोचविला. त्या हसल्या. रागावण्याएवढा मोठा आवाज काढण्याची सोयच नव्हती, असे त्या म्हणाल्या.

त्याच्या महिनाभर आधी, २२ सप्टेंबर २०१८ रोजी, परमपीठ आणि चीन सरकार यांच्यात बिशपांच्या नेमणुकीविषयी हंगामी करार झाला होता. पुढे २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. त्याविषयी ख्रिस्तसभेत मतभेद आहेत, आणि त्यांची चर्चा जाणत्यांनी करावी. आम्हांला त्या दिवशी फक्त आजीबाईंचे ओठ दिसत होते. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. त्यांनी ती चिनीत म्हटली, आम्ही मराठीत, नातवाने इंग्रजीत. कोणाचा शब्द कोणाच्या आड आला नाही.

त्या रात्री शांघायला परतल्यावर जपमाळेला आम्ही आपण होऊन नातवाला म्हटले, “तुझे दशक तू तुझ्या भाषेत सांग.” त्याने अर्धा भाग इंग्रजीत म्हटला, उरलेला अर्धा आम्ही मराठीत म्हटला. मधली चिनी, कडेची सिरियाक, असे त्या शिळेवर होते, तसेच काहीसे! सूनबाईंची आम्ही क्षमा मागितली. तिसऱ्या दशकाच्या वेळी नातवाने आमचा शेवटचा शब्द आपल्याबरोबर उच्चारला, मराठीतला. आम्ही त्याकडे लक्ष गेल्याचे दाखविले नाही.

तो ठसा आता आमच्या ओटीवर, पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलेला आहे. येणारे-जाणारे विचारतात, कमळावर क्रूस कसा? आम्ही सांगतो. नातू आता उंचीने आमच्या पुढे गेला आहे. ऑक्टोबरात त्याचा दूरध्वनी येतो, रोज नाही, पण येतो. एक दशक तो सांगतो. पूर्वार्ध इंग्रजीत असतो. उत्तरार्ध आम्ही मराठीत म्हणू लागलो की पलीकडून हलक्या आवाजात त्याचीही साथ असते. उच्चार चुकतात. आम्ही ते सुधारीत नाही.